मेट्रनबाईंच्या समोर

१४ ऑगस्ट
मेट्रनबाई निवडून आल्या! एक नर्स खासदार होते! प्रसूती वॉर्डात आम्ही टाळ्या पिटल्या, तर बाळं रडायला लागली. अकरा वर्षं काढली मी ह्या नामाकाऊबाईंच्या हाताखाली. चादरीला सुरकुती दिसली की सगळ्यांसमोर खरडपट्टी. पण मला मलेरिया झाला, तेव्हा घरी येऊन मक्याची पेज भरवली ती त्यांनीच.

३ फेब्रुवारी
हातमोजे संपून सोळा दिवस झाले. शेवटी राजधानीत, लुसाकाला, बाईंनाच फोन लावला. "वर कळवलंय गं, सिस्टर नासिलेले. जरा धीर धर." धीर! मेट्रन असताना एकदा भांडारवाल्यानं औषधं अडवून ठेवली, म्हणून ह्याच बाईंनी भांडाराचं कुलूप तोडायला लावलं होतं.

४ फेब्रुवारी
हातमोजे आले नाहीत.

९ फेब्रुवारी
इनोंगेनं आज हाताला पावाच्या पिशव्या बांधून बाळंतपण केलं. माझ्याकडेच शिकलेली पोरगी. मी शेजारी दिवा धरून उभी. दुसरं करणार काय? बाळाला थांब म्हणता येतं?

मुलगी झाली. आई हसली.

१३ फेब्रुवारी
त्या बाळाची आई तापानं गेली. नवरा सकाळपासून व्हरांड्यातल्या बाकावर बसलाय. तिच्यासाठी आणलेले मासे डब्यात तसेच. त्याच्याशी बोलायला कोणी जाईना. मीही नाही गेले.

२० फेब्रुवारी
रेडिओवर बाई बोलल्या. "आमच्या जिल्ह्यात कसलाही तुटवडा नाही. कोणी हलगर्जीपणा केला असेल, तर गय केली जाणार नाही." आवाज तोच, वॉर्डातला.

इनोंगेनं विचारलं, "ताई, ह्याच का तुमच्या त्या बाई?"

मी ताप मोजायला निघून गेले.

२७ फेब्रुवारी
त्या बाळंतपणावरून इनोंगे निलंबित. परवा चौकशी. दुपारी घरी आली, पाणीसुद्धा घेतलं नाही. "तुम्ही होतात ना तिथे. पाहिलंत तेवढंच सांगा. जास्त काही नको."

सांगेन म्हटलं. खरंच सांगणार आहे. त्यात अवघड ते काय?

१ मार्च
समितीत बाई मधोमध बसल्या होत्या. मला बघून ओळखीचं हसल्या, "मुलं कशी आहेत?" म्हणाल्या. मग शेजारच्या साहेबांनी विचारलं, त्या दिवशी वॉर्डात हातमोजे होते का?

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हणाले, "होते."