एकाच नळीतून

३ नोव्हें., सोमवार

किरणची गाडी विकायचीच असं ठरवून बसलो होतो. पुण्याहून गिऱ्हाईक आलं. जुनी जपानी गाडी, दोन दारांची, लांब नाकाची. लांबच्या प्रवासाला बनवलेली म्हणे, आणि वडगावात आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी. किरणच्या अपघातानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. गिऱ्हाईक बॅटरी घेऊनच आलेलं. सेल मारला आणि तो आवाज सुटला. किरणनं हौसेनं सायलेन्सर बदलून घेतलेला, घराच्या काचा हादरतील असा. मी सवयीनं कानावर हात ठेवले.

आतून सौ. ओरडली, "आवं, हात हालला! पोराचा हात हालला!"

पळालो. उजव्या हाताची बोटं आवळत होती. कपाळावर आठ्या, शाळेला उठवताना पडायच्या तशा. गाडी बंद केली, जरा वेळानं पुन्हा सगळं पूर्वीसारखं.

गिऱ्हाइकाला चहा न पाजताच वाटेला लावलं. ते बिचारं विचारतंय, "काका, आता कशाला नाही म्हणताय?"

४ नोव्हें., मंगळ.

नवी बॅटरी आणून बसवली. परत चालू केली. परत बोटं, परत आठ्या. सौ. रडत होती आणि हसत पण होती.

डॉ.ना फोन. म्हणाले, "रिफ्लेक्स असू शकतो, फार मनावर घेऊ नका." मनावर घेऊ नका म्हणे! गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली, मागं दिवा नाही, लाल फडकं नाही. तेव्हापासून आम्ही दुसरं काय मनावर घेतलंय? डोळे उघडतो, मिटतो. नाकात नळी. हाक मारली तर भिंतीला मारल्यासारखी.

त्या दिवशी एमआयडीसीत कामावर गाडीच नेणार होता. पण रस्ता उकरलेला, सायलेन्सर खाली घासेल म्हणून मोटरसायकल काढली. लेकापेक्षा सायलेन्सर जपला गेला आमच्या घरी.

७ नोव्हें., शुक्र.

आता रोजचं ठरलंय. सकाळी नळीतून पेज. मग सौ. त्याचे केस विंचरते, शर्टाचं वरचं बटण लावते. कुठं निघालाय जणू. गाडीचं तोंड फाटकाकडं, मागची बाजू खोलीच्या खिडकीशी, किरणनं लावली होती तशीच. मी स्टिअरिंगवर बसतो. खिडकीतून तिची हाक, "व्हय. करा चालू." मी करतो. ती आतून सांगत राहते: हालला, थांबला, परत हालला.

मी मात्र बघू शकत नाही. किल्ली माझ्या हातात.

९ नोव्हें., रवि.

शेजारचे तात्या सकाळीच दारात. "कंट्रोलर, म्हशी पान्हा चोरायला लागल्यात. एस.टी.त असताना भोंग्याला शिव्या देत हुता, आता सोताच्या घरात गिरणी?"

खरं आहे. नोकरी सगळी इंदापूरच्या स्टँडवर गेली, माइकसमोर. निवृत्त झालो ते शांत बसायला मिळावं म्हणून. किरणनं गाडीला ही सायलेन्सरची नळी बसवली तेव्हा दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो.

तात्यांना आत नेलं, दाखवलं. जाताना म्हणाले, "धार काढून झाल्याव लावा. म्या म्हशी पलीकडं बांधतो."

११ नोव्हें., मंगळ.

कुणी नसताना त्याच्या उशाशी बसून स्टँडवरच्यासारखं पुकारलं. इंदापूरहून बारामतीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. लहानपणी हे ऐकलं की खुदूखुदू हसायचा, अजून म्हणा, अजून म्हणा. आज पापणीसुद्धा नाही. आवाज चढवून म्हटलं. नाही.

बापाचा आवाज पोचत नाही आणि नळीचा पोचतो. नळीचा हेवा वाटला. हसू नये असं काही नाही, पण हसू आलं नाही.

१४ नोव्हें., शुक्र.

कविता आली. बारामतीहून आठवड्याला येते, त्याच्या हातापायांचा व्यायाम घ्यायला. चांगली पोरगी. सौ.नं तिला हौसेनं थांबवून घेतलं, "बघ गं, आता कसा हालतो." मी गाडी चालू केली. थोड्याच वेळात कविता खोकत बाहेर, हातानं खूण, बंद करा, बंद करा.

मला फाटकाशी नेलं. "काका, सगळा धूर खिडकीतून आत येतोय. सायलेन्सरचं तोंडच खिडकीखाली आहे. मी त्याच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं होतं. आकडा झरझर उतरला." मग खाली बघून, "राग मानू नका. तो हात... गुदमरून हलत असेल."

मी म्हणालो, उद्यापासून येऊ नकोस.

ती गेली. पिशवी घेऊन, मान खाली घालून. संध्याकाळी फोन करून माफी मागितली. सौ.ला यातलं सांगितलेलं नाही. कसं सांगू की रोज सकाळी आपण त्याचे केस विंचरतो आणि मग त्याला धूर पाजतो.

१५ नोव्हें., शनि.

खिडकी लावून गाडी चालू केली. हालला नाही. सौ. म्हणाली, खिडकी लावल्यावर ऐकू कसं येणार त्याला?

गाडी फाटकापर्यंत ढकलली, खिडकी उघडली. हालला नाही. "लांब गेली की वं."

मोबाईलवर आवाज भरून घेतला, त्याच्या कानाशी धरला. नाही. "डबीतला आवाज त्यो. त्याला का कळत न्हाय व्हय?"

तिच्याकडं प्रत्येकाला उत्तर आहे. आणि एकही उत्तर खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. हेच अवघड झालंय.

१७ नोव्हें., सोम.

बारामतीला रशीदभाईंकडं. एमआयडीसीच्या अलीकडं त्यांचं सायलेन्सरचं दुकान. ही नळी त्यांनी आणि किरणनं मिळून बनवलेली. त्यांना सगळं सांगितलं, कविता म्हणाली तेही. म्हटलं, असं काही करा की आवाज खोलीत यावा आणि धूर येऊ नये.

रशीदभाई म्हणाले, "साहेब, आवाज आन धूर एकाच नळीतनं येतात. येगळं कसं करू?"

चहा मागवला, तो तसाच थंड झाला. शेवटी त्यांनीच तोड काढली. ट्रॅक्टरला असतं तसं धुराडं. सायलेन्सरच्या तोंडाला नळी जोडायची, खोलीच्या भिंतीला टेकवून छपराच्या वर न्यायची. धूर वर जाईल, आवाज भिंतीतून आत येईल.

निघताना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. गाडीचा आवाज जमला त्या दिवशीचा. किरण गाडीमागं उकिडवा, काळ्या हातांनी टाळ्या वाजवत, "हाच! हाच आवाज पायजे हुता, रशीदभाई!"

सौ.ला व्हिडिओ दाखवणार नाही.

१९ नोव्हें., बुध.

रशीदभाई मशीन घेऊन घरी आले. दिवसभर कापाकापी, वेल्डिंग. नळी पट्ट्यानं आणि दोन नटांनी अडकवली, कधी गाडी हलवायची झाली तर सोडता यावी म्हणून. चालू केली. धूर छपरावरून तात्यांच्या चिंचेकडं. खोलीत वास नाही, परवा बारामतीत कविताकडून मागून आणलेलं यंत्र बोटाला लावून पाहिलं, आकडा जागच्या जागी. भिंत मात्र थरथरत होती.

किरण हालला नाही.

सौ. म्हणाली, "ह्यो आवाज त्यो न्हाय. ट्रकावाणी झालाय. पोराला कळतंय ते."

रशीदभाई म्हणाले, "वहिनी बराबर बोलतात. नळी लांबली की आवाज बसतो." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. अजून एक आशा राहिली म्हणून.

२२ नोव्हें., शनि.

रशीदभाई इंदापूरला जाऊन आले, भंगारवाल्याकडं. किरणनं पहिला डबा तिथूनच आणला होता, म्हणजे सायलेन्सरचा फुगीर भाग, ज्यात आवाज घडतो. तसाच एक मिळाला. धुराड्याच्या मधोमध बसवला. आता आवाज पातळ. परत कापला, परत जोडला. कानाशी व्हिडिओ, समोर गाडी, असं ताडून बघत होतो दोघं. अशा प्रत्येक वेळी किरण कानात ओरडतो, हाच, हाच.

हालला नाही. पैसे विचारले तर रशीदभाई भडकले. "त्यानं ह्याच नळीसाठी मला तीनदा कापायला लावलं हुतं. तवा न्हाय कंटाळलो."

२४ नोव्हें., सोम.

आज जमला. गाडी चालू केल्या केल्या अंगावर काटा आला. किरण रात्रपाळीहून कालव्याच्या पुलाकडून वळला की यायचा तो आवाज, जसाच्या तसा. मी वैतागून पांघरूण डोक्यावर ओढायचो तो. सौ. डोळे मिटून ऐकत होती. "ह्योच," म्हणाली. तात्या कुंपणापाशी उभे, त्यांनीही मान हलवली.

बराच वेळ चालू ठेवली. मग मी स्वतःच आत गेलो. हात चादरीवर, तिनं ठेवला होता तसा. कपाळ साफ. आकडा उत्तम.

रशीदभाईंनी हत्यारं गोळा केली. फाटकाबाहेर रुमालानं तोंड पुसत उभे होते.

आता सौ.कडंही उत्तर नाही. जेवली नाही. मीही नाही.

२६ नोव्हें., बुध.

सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "धुराडं काढा."

मी म्हटलं, का?

"आधी वास यायचा खोलीत. लहानपणापासनं पेट्रोलचा वास आवडायचा त्याला. वासानंच वळखत असंल."

मग सांगितलं. सगळं. कविता काय म्हणाली, आकडा कसा उतरला, डॉ. काय म्हणाले, असा हात हलला म्हणजे आत कुणी जागं आहे असं धरता येत नाही. म्हटलं, "अगं, वळखत नव्हता. गुदमरत हुता त्यो."

ती भाजी निवडत राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही. मग ताटली बाजूला सारून म्हणाली, "गुदमरत हुता. बरं. पर गुदमरत कोण हुतं? त्योच न्हवं? मढं गुदमरतं का?"

मी उठून बाहेर गेलो. अंगणभर फिरत राहिलो.

परत आलो तर म्हणाली, "एकदाच. एकदा बघू द्या हालताना. रोज मागत न्हाय."

२७ नोव्हें., गुरु.

गाडीत बसून लिहितोय.

सकाळी पाना घेतला. एक नट सोडला. दुसऱ्याला हात लावला आणि थांबलो. तात्या धार काढून आले, पान्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हशी सोडून पलीकडं घेऊन गेले.

कविताला फोन लावला, ती उचलायच्या आत ठेवला. ती नाही म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. ते ऐकून मी सुटेन आणि ही आत तशीच बसून राहील. गाडी विकून टाकायला हवी होती. पहिल्याच दिवशी. पण मग तो एक हलणारा हातही दिसला नसता, आणि तो मीही पाहिलाय. रोज तिनंच पाहिला, मी स्टिअरिंगवर. त्या पहिल्या दिवशी तेवढा पाहिला. मलाही परत बघायचाय. हे तिला सांगितलेलं नाही.

दुसरा नटही सोडला. सायलेन्सरपासून सुटलेली नळी भिंतीला नुसती टेकून उभी आहे.

पेज झाली असेल. बांगड्या वाजतायत म्हणजे केस विंचरतेय. खिडकीची कडी काढली तिनं. दोन्ही झडपा उघडल्या.

"व्हय. करा चालू."