अप्पांच्या पायातले छर्रे

लातूर, कार्तिक वद्य पंचमी

ती. अप्पांस,
रुद्रेशचा शरणार्थ.

मी बरा हाय. खानावळीत भाकर मिळते.

अव्वानं फोनवर सांगितलं. डुकरं हाकायला जाताना बांधावर तुमचा पाय घसरला, बंदुकीचा बार उडाला अन् छर्रे पायात घुसले. दिवाळीत जागलीला मीच येणार होतो. डॉक्टरकीच्या क्लासचे जादा तास लागले अन् इथंच राहिलो. लई चुटपुट लागून राहिलीय.

"त्यांनी पुन्हा बंदूक पुसून ठेवलीय," अव्वा म्हणाली. म्हणून सांगतो, काडतूस काढूनच बांध ओलांडा. जागेवर बसल्यावर भरा. पिकात नुसतं हललं म्हणून बार टाकू नका. आधी बॅटरी मारून बघा, माणूसही असतो.

पट्टी रोज बदलता ना? लई ठणकतंय का?

सर सुट्टी देईनात. तरी शनिवारी एस्टीनं येतोच. तोवर डुकरांनी सगळा हरभरा खाल्ला तरी खाऊ द्या.

तुमचा,
रुद्रेश