आत्याचा ऊन हात

नाशिकरोड,
मंगळवार, १० मार्च १९८१

ती. कुसाआत्यास,

लिहीन लिहीन म्हणत दोन महिने घालवले, आणि आता हे पत्र टाकू तरी कुठे? मी येवल्याला पैठणीच्या मागावर कामाला होतो, तिथंच तू गेल्याचा निरोप आला. मातीलाही आलो नाही. एका ट्रकवाल्याबरोबर सरळ इंदूरला निघून गेलो. तिथले पोहे लय झकास, पण ते राहू दे.

चंद्रभागेला तेव्हा सातवा होता, घाबरेल म्हणून तुझं तिला सांगितलंच नाही. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळ आडवं आहे, कळा यायच्या आत, गुरुवारीच ऑपरेशन करू, नाहीतर दोघांच्या जिवाला धोका. माझ्या सहीसाठी दिलेला कागद तसाच खिशात आहे. पण ही ऐकत नाही.

"निफाडची निम्मी बाळंतपणं आत्यांनी केलीत. त्यांनी एरंडेल चोळलेला ऊन हात पोटावर ठेवून सांगितल्याशिवाय मी पोट फाडून घेणार नाही. पत्र लिहा."

म्हणून ओट्यावर लिहायला बसलोय. खरं सांगायला तोंड नाही.

मघापासून एरंडेलाचा वास येतोय. घरात एरंडेल नाही.

आत्ताच आतून चंद्रभागेची हाक आली, "अहो, राहू द्या पत्र! आत्याच आल्यात मागच्या दारानं. पोट चाचपून म्हणाल्या, आडवंच आहे, त्या भटक्याला सही करायला सांग. आणि विचारतायत, मातीला का आला नाहीस? कोणाच्या मातीला हो?"

तुझा भाचा,
मल्हारी