रविवारी आलेली पौर्णिमा

आबा,

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही विचारावं असं मला कधी वाटलं नाही. आज वाटतंय, म्हणून दवाखान्यातला शेवटचा रोगी गेल्यावर त्याच्याच खुर्चीत बसून लिहितोय. तुमचा मुलगा आता मुंबई इलाख्याच्या दंतवैद्य संघाचा अध्यक्ष झालाय. हे ऐकून तुम्ही आधी ही खुर्ची वरखाली करून बघितली असती आणि म्हणाला असता, "बरी हाय. पण वाळूत चालंल काय?"

तुमची खुर्ची म्हणजे वाळूत पालथी घातलेली होडी. तुम्ही कोळीवाड्याचे न्हावी. धोकटीत वस्तऱ्याशेजारी दात काढायची पक्कड असायची, पण ती बाहेर निघायची अष्टमी ते एकादशी. त्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, डोलजाळी भरत नाहीत, होड्या किनाऱ्याला असतात आणि माणसं घरी सापडतात. पौर्णिमा-अवसेच्या उधाणाला वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरायची. मी दातांचं शिकायला कलकत्त्याला निघालो तेव्हा माझ्या ट्रंकेत सदऱ्यांखाली तुम्ही पंचांग घातलंत. मला लाजच वाटली. तिथली पुस्तकं इंग्रजीत असतात, असं मी फणकाऱ्यानं म्हणालो. तुम्ही ट्रंकेचं झाकण लावत म्हणालात, "दात कंदीबी दुखतो रं. मानूस घरी कंदी हाय, ते यात बघायचं." आपल्याकडे धक्का नव्हता. होडी हाकणाऱ्या शेजारच्या तांडेलानं मला खांद्यावर बसवलं आणि छातीभर पाण्यातून बोटीपर्यंत नेलं. माझी नवी धोतराची जोडी कोरडी राहावी म्हणून तो चवड्यांवर उंच होत चालत होता. त्यानंतर दर पाडव्याला तुम्ही नवं पंचांग धाडत राहिलात. मी एकही उघडलं नाही.

तुमच्यामागे ती पक्कड माझ्या चुलतभावानं चालवली. गेल्या वर्षी आमच्या संघानं ठराव केला, की न शिकलेल्या माणसाला दात काढायला कायद्यानं बंदी असावी. मसुदा माझाच होता. मी स्वतः वाडीत जाऊन भावाला सांगितलं, आता हात लावू नकोस, अंगाशी येईल. आणि नुसती बंदी घालून भागणार नाही, तर आपण लोकांपर्यंत गेलं पाहिजे, हेही मीच संघात भांडून मान्य करून घेतलं होतं. चार डॉक्टर, औषधांच्या पेट्या, रविवारची लाँच, आणि पहिला मुक्काम आपल्याच वाडीत. केवढा मिरवलो मी! आम्ही उतरलो तर किनारा रिकामा. सुरूच्या सावलीत दुपारपर्यंत बसलो. एका आजीनं हिरड्या दाखवल्या आणि मिसरी आहे का म्हणून विचारलं. परत येऊन मी अहवालात लिहिलं, की किनाऱ्यावरच्या लोकांना दातांची आस्था नाही. त्या रविवारी पौर्णिमा होती, आबा. लहानपणी मला बोटांवर मोजता यायच्या या तिथ्या.

मला खांद्यावरून नेणारा तो तांडेल त्याच उधाणात समुद्रावर होता. तिसऱ्या दिवशी परतला तो जबडा सुजवून, तोंड उघडेना. तो आधी भावाकडे गेला. भावानं पक्कड काढली नाही. बैलगाडीनं अलिबागला नेताना वाटेतच तो गेला. बाराव्याला मी गेलो तेव्हा भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "तूच बोल्लास ना, हात लावू नको? मी न्हाय लावला." ती पक्कड न उकळता, गंजलेलीच तोंडात गेली असती, तर त्यानंही तो दगावला असता कदाचित. हे मी शिकलोय. आणि न लावल्यानं तो गेला, हे मी पाहिलंय. दोन्ही खरं असल्यावर माणसानं करायचं काय?

काल संघाची सभा झाली. मी बाजारातून पंचांग विकत नेलं होतं. लाँच रविवारी न धाडता अष्टमीला धाडावी, असं मी सुचवलं. कोणी म्हणालं, रविवारखेरीज दवाखाने कसे बंद ठेवायचे? ते खोटं नाही. मग दुसरा म्हणाला, अध्यक्षमहाराज आता दाताचाही मुहूर्त काढणार! सगळे खो खो हसले. तांडेलाचं नाव माझ्या ओठांवर होतं. माझा बाप न्हावी होता आणि अष्टमीला दात काढायचा, एवढंच म्हणायचं होतं. पुढचा रविवार ठरला. मी पंचांग उघडून पाहिलं, त्या दिवशी अमावास्या आहे.

हे पत्र कुठं टाकणार? त्याच पंचांगात घालून ठेवतो. एकच सांगायचं राहिलं. ते हसले ना आबा, तेव्हा मीही हसलो.