मागच्या दारची रायण

१२ मे, सोमवार

खंडुभाई मास्तर गेले. सकाळी वाडीत पाणी फिरवून आले, ओट्यावर बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. वय अठ्ठ्याऐंशी. गावाला पाढे आणि चिकूची कलमं, दोन्ही त्यांनीच शिकवलं.

बातमी कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला तो इथेच लिहितो, दुसरीकडे सांगायची सोय नाही. विचार असा— आता मला झाडाबद्दल कुणी विचारणार नाही.

मग लाज वाटली. मग रडू आलं. हाच क्रम होता.

१३ मे

बेसणं, मास्तरांची शोकसभा. पांढरा सदरा पोटावर बसेना, श्वास धरून बसलो. फोटोतले मास्तर नेहमीसारखे चष्म्यावरून बघत होते. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःख आवरत नाही. भीखुभाई माझ्याच वर्गातला, आता शाळा मंडळाचा प्रमुख. त्याने पाठीवर हात ठेवला.

"जसू, तुझा फार जीव होता त्यांच्यावर."

होता. म्हणूनच तर एवढी वर्षं तोंड चुकवत फिरलो.

१५ मे

एकदा सगळं लिहून टाकतो.

सातवीच्या प्रत्येक पोराने शाळेतल्या जुन्या चिकूवर एक कलम बांधायचं, हा मास्तरांचा नियम. रायणीचं, म्हणजे खिरणीचं, रोप घ्यायचं— मूळ रायणीचंच लागतं, तेच चिवट— आणि ते चिकूच्या फांदीला बांधायचं. तीन महिन्यांनी दोन्ही जुळली की चिकूची फांदी झाडापासून तोडायची. मग रोपाला दोन शेंडे राहतात. रायणीचा उडवायचा, चिकूचा ठेवायचा. रोप घरी नेऊन लावायचं. पुढे जन्मभर, नव्या वर्षाच्या दिवशी मास्तरांच्या पाया पडायला गेलं की ते आधी झाडाची चौकशी करत, मग माणसाची.

मी चिकूचा शेंडा उडवला.

का? तो मलूल दिसत होता. रायणीचा टवटवीत होता. तेराव्या वर्षी मला जे टवटवीत दिसलं ते मी ठेवलं. पुढे पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केली, तिथेही माझी नजर अशीच चालली.

माझ्या मागच्या दारी आज रायणीचं दांडगं झाड आहे. उन्हाळ्यात बोटाच्या पेराएवढी पिवळी फळं. पोपट खातात.

दर नव्या वर्षाला मास्तर विचारत, "झाड कसं आहे?"

"चांगलं आहे, मास्तर."

"फळ गोड?"

"गोड."

एकही शब्द खोटा नाही. कारकून आहे मी.

खोटे होते ते चिकू. दर फेब्रुवारीत बिलिमोऱ्याच्या बाजारातून डझनभर आणून त्यांना द्यायचो. मास्तर एक फळ उचलून वास घेत. एका वर्षी म्हणाले, "जसू, यंदा तुझी जमीन बदलली वाटतं." मी म्हटलं, "खत बदललं, मास्तर." किती हुशार मी!

१८ मे, रविवार

भीखुभाईने पंचवीस तारखेला शाळेत सभा ठेवली आहे. प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याने आपल्या झाडाचे चिकू आणून फोटोसमोर ठेवायचे. इथपर्यंत बिलिमोऱ्याचा बाजार आहे. पण पुढे म्हणतो, सभेनंतर सगळ्यांनी मिळून घरोघर जायचं आणि मास्तरांच्या प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी लावायची.

"एकशे चाळीस पाट्या रंगवायला टाकल्यात," म्हणाला. "आणि बोलायचं तू. आपल्या वर्गात अक्षर तुझंच बरं."

अक्षराचा आणि बोलण्याचा काय संबंध, हे विचारायचं धैर्य झालं नाही. हो म्हणून आलो.

१९ मे

झोप नाही. एकशे चाळीस माणसं माझ्या मागच्या दारी, हातात पाटी, आणि वर पोपट.

२१ मे

तोडायचं ठरवलं. झाडच नसेल तर पाटी कशाला लावतील? 'वाळवीने गेलं, काय करणार'— हे आरशासमोर दोनदा म्हणूनही बघितलं. बरं जमलं.

कुऱ्हाड घेऊन मागे गेलो तर कपिला खाली बसून फळं वेचत होती. हातात डबा.

"काय करताय?"

"सावली फार पडते. ओल राहते भिंतीला."

"बेचाळीस वर्षं माझा संसार आहे या घरात. भिंतीला ओल मोरीमुळे आहे. मोरी तोडा." मग कुऱ्हाडीकडे बघून, "या झाडाला हात लावलात तर मी भावाकडे निघून जाईन, आणि जेवण तुम्ही रांधा."

एवढं चिडायचं काय कारण, कळलं नाही. शेवटी कुऱ्हाडीने नारळ फोडून आत आलो. कुऱ्हाड उचललीच होती, काहीतरी करायला हवं होतं.

२४ मे, शनिवार

बिलिमोऱ्याहून दोन डझन चिकू आणले. भाषण लिहिलं, चार पानं. 'वटवृक्ष' हा शब्द तीनदा आला. मास्तर असते तर म्हणाले असते, वडाचं फळ कोण खातं? खोडला.

कपिलाला वाचून दाखवलं. ती भेंडी चिरत होती. शेवटी म्हणाली, "यात मास्तर कुठे आहेत?"

नव्हते. मीही नव्हतो.

२५ मे, रविवार

सभा झाली. आठवतं तसं लिहितो.

सगळ्यांच्या टोपल्या फोटोसमोर. माझी सर्वांत देखणी— बाजाराची निवड. भीखुभाईने नाव पुकारलं. उभा राहिलो. कागद घडी घालून खिशात टाकला. मग बोलायला काहीच उरलं नाही.

फोटोतले मास्तर चष्म्यावरून बघत होते. झाड कसं आहे?

मी म्हटलं, "माझं झाड रायणीचं आहे. मी चुकीचा शेंडा कापला होता. हे चिकू बिलिमोऱ्याचे आहेत. आजवर त्यांना दिलेले सगळे बिलिमोऱ्याचेच होते." आणि खाली बसलो. एवढंच भाषण.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "तरीच, एवढे एकसारखे!" आणि सगळी शाळा हसली. मीही हसलो असेन, डोळे पुसत होतो म्हणून नक्की सांगता येत नाही.

भीखुभाई कानाशी आला. "मूर्खा, मला आधी सांगायचंस. माझं झाड वीस वर्षांपूर्वी खरंच वाळवीने गेलं. मास्तरांकडून दुसरं कलम आणून त्याच जागी लावलं, कुणाला बोललो नाही. तूही बोलू नकोस."

पाट्या लावायला मी गेलो नाही. एक पाटी उरली म्हणे.

निघताना मास्तरांची मुलगी रंजनबेन दारात भेटली. हसली नव्हती. "जसूभाई, बुधवारी घरी येते. बापुजींचं एक काम राहिलंय तुमच्याकडे."

बोलणी खायची आहेत. खाईन.

२८ मे, बुधवार

रंजनबेन आली ती पुढच्या दाराने नाहीच. थेट मागच्या. कपिला डबा घेऊन उभी होती, धुऊन सुकवलेल्या रायणीच्या काळ्या बिया. "यंदा दीड शेर आहेत," कपिला म्हणाली. "मास्तर गेल्या वर्षी सव्वा शेर घेऊन गेले होते."

तीस वर्षं दर उन्हाळ्यात न्यायचे. तालुक्यात रायणीची मोठी झाडं उरली नाहीत, बी कुठे मिळत नाही. शाळेतल्या कलमांची मुळं माझ्या झाडाची. कपिलाला बजावून ठेवलं होतं— जसूला सांगू नकोस, लाजेने तोडून टाकेल.

रंजनबेनने उरलेली पाटी आणली होती. मीच बांधली, सुतळीने. खिळा मारलेला मास्तरांना चालला नसता.

तीस वर्षांची सगळी कलमं याच झाडाच्या मुळांवर. भीखुभाईचं ते दुसरं झाडसुद्धा.