साहेबांच्या खुर्चीपुढे

दादा, थंडी पडली की मला तुम्ही आठवता ते शेतात नाही, साहेबांच्या बंद घरात. हातात निखाऱ्यांचं घमेलं, डोक्यावर धुतलेली टोपी, चपला बाहेर पायरीखाली. रविवारची सकाळ असते. येडगावच्या धरणावरून आलेलं धुकं अजून आंब्यांच्या बुडाशी रेंगाळतंय, घराची कौलं दिसतात पण भिंती दिसत नाहीत, आणि तुम्ही करगोट्याची किल्ली काढून कुलपाशी खटपट करताय. मी तुमच्या मागे उभी, नाक गळतंय, हात फ्रॉकच्या खिशात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी चाळिशी ओलांडली, पण त्या दारातून आत जाताना मी अजून नऊ-दहा वर्षांचीच असते.

शेत आपलं नव्हतं, हे तुम्ही आम्हाला कधी विसरू दिलं नाही. साहेब मुंबईचे. नव्वदच्या सुमारास त्यांनी ती जमीन घेतली, तीन खोल्यांचं दगडी घर बांधलं, दर महिन्याला येतो म्हणाले आणि वर्ष-दोन वर्षांतून एकदा येऊ लागले. राखण आपल्याकडे. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत तुम्ही, आई आणि मी. हिवाळा आला की तुम्हाला बसायला फुरसत नसायची. लहान आंब्यांना थंडी लागू नये म्हणून त्यांच्यावर उसाच्या पाचटाची खोपटी उभी करायची, मोठ्या झाडांच्या बुंध्यांना चुना लावायचा, कांद्याची लागण करायची, वीज येईल तेव्हा धावत जाऊन गव्हाला पाणी द्यायचं. शिवाय साहेबांच्या गाद्या. त्या सकाळी उन्हात टाकायच्या आणि ऊन उतरायच्या आत उचलायच्या. त्यांच्यावर कोणीच झोपत नसे. एकदा मी तापलेल्या गादीवर आडवी झाले, डोळा लागतच होता, तर तुम्ही दंडाला धरून उठवलंत. "आपली न्हाई ती," एवढंच म्हणालात. मला भारी राग आला होता. खरं सांगायचं तर अजून थोडा आहे. साहेबांना मुंबईत बसून काय कळणार होतं?

रविवारचं काम मात्र मला आवडायचं. तुम्ही साहेबांच्या स्वयंपाकघरात चूल पेटवायचात, निखारे घमेल्यात घ्यायचात, त्यावर वाळलेला कडुनिंब टाकायचात आणि खोलीखोलीतून हळूहळू फिरायचात. "बंद घराला थंडीत वल धरती," म्हणायचात. कडवट धूर पलंगाखाली शिरायचा, कपाटामागे शिरायचा, खिडकी उघडली की उन्हाच्या पट्ट्यात निळा होऊन तरंगायचा. मी त्यातून हात फिरवत बसायची. मग तुम्ही घमेलं ओसरीवर ठेवून पुढच्या खोलीत यायचात आणि साहेबांच्या वेताच्या खुर्चीपुढे उभे राहायचात. हात पुढे बांधून, सतरंजीवर पाय न ठेवता. आणि बोलायला लागायचात. "साहेब, कांद्याला दुसरं पाणी झालं. खालच्या वाफ्याला रोप कमी पडलं व्हतं, ते गावातनं आणलं. कडंचा आंबा लई गारठलाय, पण जगंल. आन एक फुलपात्र माझ्या हातनं चेपलं." खुर्ची रिकामी. तिच्या पाठीच्या जाळीतून पलीकडची भिंत दिसायची.

मी एकदा विचारलं, इथे तर कोणी नाही, मग कोणाला सांगता? "माणसाचा आवाज न्हाई लागला तर घर माणूस इसरतं," म्हणालात. मग थोड्या वेळानं, दाराला कुलूप लावताना, माझ्याकडे न बघता म्हणालात, "आन आपल्यालाबी याद ऱ्हाती, कोणाचं हाय ते." मला तेव्हा ते नीटसं समजलं नाही. आज वाटतं, इतकी झाडं स्वतःच्या हातांनी जगवल्यावर ती आपली वाटू लागणं किती सोपं होतं. तुम्हाला त्याची भीती वाटत असणार.

तेच सगळं तुम्ही रोज संध्याकाळी आईला सांगायचात, फक्त जास्त रंगवून. ती भाकरी थापायची, तुम्ही चुलीपुढे हात शेकत बसायचात. साहेबांच्या खुर्चीला नुसती खबर मिळायची, आईला मात्र सगळं मिळायचं: कुठल्या वाफ्यात पाणी फुटलं, मोटार कशी रुसली, बांधावर मुंगसाची जोडी कशी उभी राहिली. ती मान वर न करता म्हणायची, "गव्हाला दोन दिस पाणी देऊ नगा, दव लई पडतंय." आणि तुम्ही दोन दिवस देत नसायचात. शेत साहेबांचं, राबणं तुमचं, आणि निम्मी अक्कल आईची, हे मला फार उशिरा उमगलं. मी गोधडीत गुरफटून तुमचे आवाज ऐकायची आणि कुठल्यातरी वाक्याच्या मध्येच झोपून जायची.

मी सातवीत असतानाच्या थंडीत साहेब आले. दोन गाड्या, त्यांचे मित्र, बाईसाहेब. घर बघून सगळे खूश झाले. कुठे कुबट वास नाही, गाद्या उबदार. तुम्ही बागेत पाटाचं पाणी फिरवायला गेला होतात. बाईसाहेबांनी मला ओसरीवर जवळ बसवलं, क्रीमची बिस्किटं दिली, शाळेचं विचारलं. जुन्नरच्या शाळेत मला कोणी इतक्या कौतुकानं कधी काही विचारलं नव्हतं. त्या हसल्या की आणखी हसवावंसं वाटायचं. आणि मी सांगून टाकलं. "आमचे दादा तुमच्या खुर्चीशी बोलतात." सगळे हसले, म्हणून मी उठून करूनही दाखवलं. हात बांधले, मान खाली घातली, तुमचा आवाज काढला. फुलपात्रावर तर एक पाहुणे खोकला लागेपर्यंत हसले.

तुम्ही पाण्याची कळशी घेऊन पुढच्या खोलीत आलात तेव्हा सगळे आत येऊन बसले होते, साहेब त्या खुर्चीत. साहेब वाईट नव्हते, दादा. आपण काय करतोय हे त्यांना कळलं नसावं. "ये रे, सांग बघू, नेहमी सांगतोस तसं," म्हणाले. तुम्ही कळशी खाली ठेवलीत. "समदं बरं हाय, साहेब." पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "एवढंच? खुर्चीला तर बरंच काही सांगतोस म्हणे." आणि पुन्हा हसू. तुम्हीही हसलात. ते हसू मला आजही नीट बघवत नाही. तुमचे कान लाल झाले होते आणि तुम्ही सतरंजीवर उभे होतात, पहिल्यांदाच, तुमच्या लक्षातही न येता.

गाड्या गेल्यावर तुम्ही चुलीपुढे येऊन बसलात. "हे कोणी सांगितलं?" आवाज चढला नव्हता. माझ्या हातात उरलेलं बिस्किट होतं, ते मी मुठीत दाबलं, त्याचा चुरा झाला. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "माझ्याच तोंडातनं गेलं. बाईसाहेबांशी बोलता बोलता." तुम्ही जेवलात, हात धुतलात, आणि त्या दिवसापासून तिला काही सांगितलं नाहीत.

भांडण नाही, अबोला नाही. मीठ हवं, पाणी दे, एवढं चालूच होतं. पण शेतातलं बोलणं थांबलं. रविवारी निखारे फिरायचे, खुर्चीपुढे कोणी उभं राहत नसे. आणि जे तिला सांगायचं ते तुम्ही मला सांगू लागलात. संध्याकाळी ओट्यावर बसून, ऊन धरणाच्या पाण्यावर पिवळं होत असताना: कुठला आंबा मोहरला, कुठल्या वाफ्याला करपा आला. आत आईच्या थापण्याचा आवाज मधेच थांबायचा, ती ऐकायची. मला सगळं गोड लागत होतं. एकदा केसांना तेल लावताना मी म्हटलं, मी सांगते दादांना. तिनं वेणीला हिसका दिला. "गप ऱ्हा. तुझ्यावर लई जीव हाय त्यांचा. तेवढा ऱ्हाऊ दे." मी गप्प राहिले. मला तेच हवं होतं.

पुढे साहेबांनी शेत विकलं, आपण निघालो, मी शिकले, नोकरीला लागले. नारायणगावच्या दवाखान्यातले तुमचे शेवटचे दिवसही थंडीचेच. दुपारचं ऊन तुमच्या पायांवर आलं होतं. आई डबा घेऊन बाहेर निघाली होती. तुम्ही तिच्या पाठीकडे बघत म्हणालात, "तुझी आई लई चांगली बाई. फकस्त पोटात काय ऱ्हात न्हाई तिच्या." तुम्ही चेष्टेनं म्हणालात, माफ करून टाकल्यासारखे. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. मी तुमच्या पायांवर चादर सारखी केली आणि म्हटलं, "हो ना." दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तर दादा, ती मी होते.

हे लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटत नाही. कारण तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही काही विचारत नाही. जिची माफी मागायची ती माझ्या अवसरीच्या घराच्या अंगणात, उन्हाला पाठ देऊन लसूण सोलतेय. तिला वाचता येत नाही, त्यामुळे कागद लपवायचीही गरज पडली नाही. मघाशी तिनं आत डोकावून विचारलं, "सकाळधरनं काय लिव्हतीस एवढं?"

"काही नाही गं," मी म्हटलं, "ऑफिसचं आहे."