टर्कीच्या पिल्लांना दाणे टिपायला शिकवलं, त्याची हकीकत

आदरणीय दाजी,

सध्या वाकता येत नाही, म्हणून ताठ उभ्याने केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. (कारण पुढे येईलच.) ताईचा खोकला थांबला का? आमचा नवरदेव भाचा लग्नाच्या गडबडीत वेळेवर जेवतो ना? इकडे देवाच्या कृपेने माणसं ठीक आहेत आणि पक्षी त्याहून ठीक.

लग्नाच्या जेवणासाठी वाढवायला म्हणून तुम्ही टर्कीची सहा पिल्लं पाठवलीत, तेव्हा मी ती आमच्या कोंबडीच्या आणि बदकांच्या पिल्लांतच सोडणार होतो. नशीब, गुरांचे डॉक्टर तेव्हाच दारावरून चालले होते. त्यांनी कुंपणापाशीच अडवलं. म्हणाले, कोंबड्यांच्या विष्ठेतून एक रोग पसरतो. तो कोंबडीला फारसा जाणवत नाही, पण टर्कीला जगू देत नाही. शिवाय बदकं पाणी सांडून भुसा ओला करणार, आणि ओल्या भुशावर कोंबडीच्या पिल्लांना रक्ताची हगवण लागणार. देवाने सगळे जीव एकाच मायेने घडवले असतील, पण एकाच खुराड्यात ठेवा असं त्याने कुठे सांगितलेलं दिसत नाही.

तेव्हापासून तीन खुराडी, तीन पाण्याची भांडी आणि माझ्या चपलांचे तीन जोड. सकाळी आधी टर्की, मग बदकं, शेवटी कोंबड्या. उलट जायचं नाही. एकदा प्रार्थनेला जाताना एका पायात टर्कीची आणि दुसऱ्या पायात बदकांची चप्पल गेली. देवाने काही म्हटलं नाही, पण परत आल्यावर दोन्ही चपला औषधाच्या पाण्यात बुडवाव्या लागल्या. ही म्हणते, "इतकी वर्षं पाय धुऊन घरात या म्हणून सांगत होते, तेव्हा मी टर्की नव्हते ना."

खरी पंचाईत निराळीच. टर्कीच्या पिल्लांना खायचं कसं तेच कळेना. लोक अशा वेळी कोंबडीचं एखादं पिल्लू सोबतीला सोडतात. ते टिपतं, त्याचं पाहून ही टिपतात. इथे तर कोंबडीची सावलीही वर्ज्य. दोन पिल्लं मान टाकून बसली. मग मीच साबणाने हात धुतले, उकिडवा बसलो आणि बोटाने दाणे टोचू लागलो. टकटक, टकटक. दिवसभर. (नमस्कार उभ्याने का, ते आता कळलं असेल.) ही दारातून म्हणाली, "तोंड लावू नका म्हणजे मिळवलं." संध्याकाळी सर्वांत मरगळलेल्या पिल्लाने माझ्या नखाशेजारचा दाणा उचलला. दाजी, इतकी वर्षं प्रार्थना करतोय, पण इतकं लगेच उत्तर कधी आलं नव्हतं.

आता सहाही टुणटुणीत आहेत. मी बोट टेकवल्याशिवाय मात्र जेवत नाहीत.

ताईला नमस्कार, भाच्याला आशीर्वाद.

आपला मेहुणा

ता. क. पत्र लिहायचं कारण राहूनच गेलं. लग्नाच्या जेवणातून टर्की वगळता येतील का? ज्यांना बोट धरून खायला शिकवलं, त्यांना पानात वाढलेलं मला पाहवणार नाही.

आणखी एक. त्यांच्याऐवजी बदकं घ्या, असं लिहिणार होतो. पण ती हिच्या मागे रांगेने स्वयंपाकघरापर्यंत येतात, तेव्हा तो विषय काढू नये. कोंबड्यांचं घरात अजून ठरलेलं नाही. परसात भोपळे मात्र भरपूर लागले आहेत. लागतील तेवढे न्या. त्यांना मी काहीही शिकवलेलं नाही.